गोरेवाड्यात पडलेल्या एकाच झाडावर चार वेगवेगळ्या बुरश्या – ओळखायला मदत हवी

पाऊलवाट | २७ जुलै, रात्री ९.१२

मंडळी, नमस्कार. आज सकाळी मी आणि माझा सातवीतला मुलगा गोरेवाड्याच्या जंगलातल्या पायवाटेवर फिरायला गेलो होतो. आठ-दहा दिवसांपासून नागपुरात पावसाने जोर धरलाय. काल रात्रीही कोसळला आणि सकाळी लख्ख ऊन पडलं. वाटेच्या कडेला एक मोठं झाड आडवं पडलंय. पडून दोन-तीन वर्षं झाली असतील, कारण फांद्या गेल्यात आणि खोड तेवढं उरलंय. उन्हाळ्यात तिथून जाताना कधी लक्षही गेलं नव्हतं. आज मात्र आम्ही पाऊण तास तिथून हललो नाही.

पहिल्या फोटोत खोडाच्या वरच्या, उन्हाकडच्या अंगावर शेंदरी रंगाच्या पातळ चकत्या आहेत, अर्ध्या पापडासारख्या. रंग इतका भडक की मुलगा म्हणाला, आई, कोणी शेंदूर लावलाय का? हाताला कडक आणि चिवट लागतात. जुन्या वाटल्या त्या फिकट पडल्यात.

दुसरा फोटो सावलीच्या अंगाचा. साल निघून लाकूड जिथे मऊ झालंय, तिथे तळहाताएवढा पिवळाधमक थर होता, फेटलेल्या अंड्यासारखा. कडेने शिरांसारखे बारीक फाटे पसरले होते.

तिसऱ्यात काळे गोळे आहेत, सुपारीपासून लिंबाएवढे. अगदी कोळसा वाटतात. एकाला बोट लावलं तर बोट काळं झालं.

आणि चौथा! खोडापासून हातभर अंतरावर जमिनीतून पाच-सहा काळी बोटं वर आलीत, दोन-तीन इंचांची, टोकाला पांढुरकी. पुरलेल्या हाताची बोटं बाहेर यावीत तशी. मुलगा आधी घाबरला, मग तिथून उठायलाच तयार होईना.

आम्ही काहीही तोडलं किंवा आणलं नाही. घरी आल्यावर मोबाइलच्या ॲपला पहिला फोटो तीनदा दाखवला, तर तिन्ही वेळा वेगळं नाव आलं. म्हणून इथे विचारते आहे.

धरमपेठी | २७ जुलै, रात्री ९.४०

पहिल्या फोटोतलं मला तरी लिंगझी वाटतं. म्हणजे गॅनोडर्मा, औषधी म्हणून विकतात ती बुरशी. पावडरीच्या डब्यांवर असंच लालसर चित्र असतं आणि भावही चांगला असतो. वाळवून काढा करतात. खरंच तेच असेल तर गोरेवाड्यात सापडणं मोठी गोष्ट आहे.

कवकमित्र | २७ जुलै, रात्री १०.५५

पाऊलवाट ताई, फोटो स्वच्छ आहेत, पण सगळे वरून काढलेत. लाकडावरची बुरशी वरून ओळखू येत नाही, खालून ओळखू येते. वरचा रंग पावसाने धुपतो, उन्हाने उडतो, शेवाळ चढलं की हिरवाही होतो. बीजाणू, म्हणजे बुरशीचं धुळीसारखं बी, तयार होतात ते खालच्या अंगाला, आणि तिथली ठेवण सहसा बदलत नाही. तिथे सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत, पुस्तकाच्या पानांसारख्या पात्या आहेत, की नुसतं गुळगुळीत आहे, एवढं कळलं तरी निम्म्याहून जास्त नावं बाद होतात. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मोठी, षटकोनी घरं दिसली तर हेक्झागोनियाकडे बघायचं. गुळगुळीत असेल तर स्टेरियम आणि त्याचे भाऊबंद. ॲपला तुम्ही वरची बाजू दाखवलीत, त्याने वरच्या बाजूवरून अंदाज केला.

धरमपेठी दादा, गॅनोडर्माबद्दल मला शंका आहे. गॅनोडर्माचा वरचा पापुद्रा लाखेचं पॉलिश केल्यासारखा चकाकतो, खालची बाजू पांढरी असते आणि नखाने ओरखडा काढला की तपकिरी पडते. बीजाणूही तपकिरी, आणि इतके पडतात की शेजारच्या पानांवर कोको पावडर सांडल्यासारखी दिसते. ताईंच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. आणि काढ्याचं म्हणाल तर फोटोवरून ओळखलेली कोणतीही बुरशी पोटात जाऊ देऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो आहे.

ताई, पुन्हा जाणं झालं तर एवढं बघा: चकत्यांची खालची बाजू, आधीच तुटून पडलेला तुकडा असेल तर त्याचा आतला रंग, झाड कोणतं आहे, आणि बोटं जिथून निघालीत ती जमीन. दुसऱ्या फोटोबद्दल मला एक अंदाज आहे, पण तुम्ही परत बघून येईपर्यंत तो सांगत नाही.

आरामशीन | २८ जुलै, सकाळी ७.०५

बुरशीतलं मला कळत नाही, पण लाकडात चाळीस वर्षं गेली. पहिल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात थोडी साल उरली आहे. मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली, काळपट. हा ऐन आहे. आपल्याकडे काही जण साज म्हणतात. पूर्व विदर्भात याच झाडावर टसर रेशमाचे किडे पाळतात.

दुसऱ्या फोटोतलं उघडं लाकूड पांढुरकं, धाग्याधाग्याचं झालंय. ओढलं तर कापसासारखं तुटून येईल. आमच्याकडे ओंडके पावसात पडून राहिले की दोन तऱ्हा दिसतात. एक ही. दुसऱ्या तऱ्हेत लाकूड तपकिरी होतं, आडव्या-उभ्या भेगा जाऊन चौकोनी तुकडे पडतात, आणि चुरगाळलं की तपकिरीसारखी पूड हातात येते. दोन्हींत लाकूड वजनाला हलकं होतं, पण पहिल्यात ते बराच काळ एकसंध राहतं. दुसऱ्यात वरून धडधाकट दिसतं आणि भार आला की एकदम बसतं. असं का होतं ते कोणी सांगेल का?

कवकमित्र | २८ जुलै, दुपारी १.२०

काका, तुम्ही हाताने जे ओळखलंत तेच पुस्तकांत लिहिलेलं असतं. लाकडात मुख्य दोन गोष्टी: सेल्युलोज म्हणजे धागे, आणि लिग्निन म्हणजे त्यांना धरून ठेवणारा, रंग देणारा चिवट पदार्थ. लिग्निन फोडणं फार थोड्या जिवांना जमतं. काही बुरश्यांना ते जमतं, त्या लिग्निन खातात आणि फिकट धागे उरतात. ती पांढरी कूज. दुसऱ्या बुरश्या सेल्युलोज खाऊन टाकतात आणि लिग्निन बहुतेक तसंच सोडतात. धागेच गेले म्हणून लाकूड आखडतं, चौकोनी तडकतं, भार पेलत नाही. ती तपकिरी कूज.

म्हणून लाकडाचा रंग हाही ओळखीचा पुरावा आहे. ताईंच्या खोडावर पांढरी कूज आहे, म्हणजे तपकिरी कूज करणारी मंडळी त्या जागेपुरती बाजूला ठेवता येतात.

आरामशीन | २८ जुलै, रात्री ८.३०

आभार. चाळीस वर्षांचं कोडं सुटलं. सागाचा गाभा वर्षानुवर्षं पडून राहतो आणि बाहेरचं पांढरं लाकूड दोन पावसाळ्यांत जातं, तेही यातलंच असणार.

कवकमित्र | २८ जुलै, रात्री ९.१५

हो काका. सागाच्या गाभ्यात तेलकट, बुरशीला न मानवणारी द्रव्यं असतात. बाहेरच्या लाकडात ती नसतात आणि वर साखर, पिष्ट असतं.

शुश्रूषा | २९ जुलै, रात्री ११.१०

मी रुग्णालयात काम करते. काढ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. सगळ्यांत घातक जंगली छत्र्यांचं विष यकृतावर जातं आणि खाल्ल्यावर सहा-बारा तास काहीच होत नाही. मग उलट्या, जुलाब. मग एखादा दिवस बरं वाटतं, घरचे म्हणतात उतार पडला, आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. शिजवून, उकळून ते विष जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण निळा पडतो का, या परीक्षा खोट्या आहेत. माझ्या समोरच्या खाटेवर एक सोळा वर्षांची मुलगी होती. घरच्यांनी चमचा बुडवून पाहिला होता. तो पांढराच राहिला होता.

धरमपेठी | ३० जुलै, सकाळी ६.५०

शुश्रूषा ताई, वाचून हात थांबला. काढ्याचं वाक्य मी मागे घेतो. वर तसंच राहू देतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्याला तुमचं उत्तरही दिसेल.

पाऊलवाट | ३ ऑगस्ट, दुपारी १२.४५

आज परत जाऊन आलो. या वेळी पावडरीच्या डब्यातला छोटा आरसा नेला होता. चकती न तोडता तिच्याखाली आरसा सरकवला आणि आरशाचा फोटो काढला. मुलाची कल्पना. पाच मिनिटांत सगळ्या चकत्या खालून बघून झाल्या.

खालची बाजूही तशीच शेंदरी, किंबहुना वरच्यापेक्षा गडद. छिद्रं आहेत, पण इतकी बारीक की नुसत्या डोळ्यांना मखमल वाटते. फोटो मोठा करून मुलाने पट्टीशी मोजली, एका मिलिमीटरला पाच-सहा भरली. खाली एक तुटका तुकडा पडला होता. आतूनही शेंदरी, आरपार.

काळ्या गोळ्यांपैकी एक फुटून अर्धा झाला होता. आत कांद्यासारखे एकात एक पदर, राखाडी आणि काळे. फार सुंदर दिसतात. फोटो जोडलाय.

आणि पिवळा थर नाहीसा झाला! त्या जागी, खरं तर त्या जागेच्या वीतभर वर, बिस्किटासारखी फिकट खपली होती. काडीने टेकवलं तर खपली फुटली आणि आतून चॉकलेटी धूळ उडाली. तेच आहे का दुसरं काही? तसं असेल तर ते वीतभर सरकलं कसं?

कवकमित्र | ३ ऑगस्ट, रात्री १०.०२

आरशाची युक्ती मी आता सगळ्यांना सांगणार. लेकराला शाबासकी द्या.

पहिलं: पिक्नोपोरस. वर, खाली आणि आतून एकच शेंदरी रंग हे त्याचं ठळक लक्षण. त्यातही छिद्रं इतकी बारीक आणि चकती इतकी पातळ, म्हणजे पिक्नोपोरस सॅन्ग्विनिअस, उष्ण प्रदेशातली जात. हल्ली काही तज्ज्ञ तिला ट्रॅमेटिस वंशात घालतात, त्यामुळे दोन्ही नावं दिसतील. उघड्यावर, उन्हात पडलेलं लाकूड तिला आवडतं, म्हणून ती तुम्हाला वरच्या अंगाला दिसली. पांढरी कूज करते, म्हणजे काकांनी पाहिलेल्या लाकडाशीही जुळतं. रंग सिन्नाबारिन नावाच्या द्रव्याचा. उन्हापावसात तो उडतो, म्हणून जुन्या चकत्या फिकट.

दुसरं. ताई, मी अंदाज राखून ठेवला होता तो यासाठीच. ही बुरशी नाहीच. हा स्लाइम मोल्ड, मराठी पुस्तकांत श्लेष्मकवक म्हणतात. बहुधा फ्युलिगो सेप्टिका. तुम्ही पहिल्या रविवारी पाहिलंत तो तळहाताएवढा पिवळा थर म्हणजे एकच पेशी होती. एका पेशीत असंख्य केंद्रकं. ती लाकडातल्या जिवाणूंवर, बीजाणूंवर जगते आणि खरोखरच सरकते, अगदी संथ. म्हणून वीतभर वर. पोट भरलं, ओल कमी व्हायला लागली की ती उजेडाकडे, उंचावर येते आणि एका दिवसात तिची खपली होते. खपलीत चुना असतो, आतली चॉकलेटी धूळ म्हणजे तिचे बीजाणू. तिला प्रत्यक्षात अमिबाच्या जवळची मानतात. बीजाणू करते म्हणून पूर्वी बुरश्यांत मोजायचे आणि अजूनही वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बुरश्यांबरोबरच शिकवतात.

हिच्या नात्यातली एक जात आहे, फायझेरम पॉलिसेफॅलम. जपानी संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं की भुलभुलैयाच्या दोन टोकांना ओटचे दाणे ठेवले तर ती सगळ्यांत जवळची वाट धरते. २०१० साली टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ३६ ठिकाणी खाऊ ठेवला, तर तिने विणलेलं जाळं तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी बरंच जुळलं. मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. मी कितीही वेळा वाचलं तरी मला हे नवं वाटतं.

तिसरं: डाल्डिनिया. कापल्यावर दिसणारे पदर ही त्याची सही. डाल्डिनिया कॉन्सेंट्रिका म्हणा. हात लावल्यावर तुमचं बोट काळं झालं ती बीजाणूंची काजळी होती. हा गोळा बीजाणू रात्री उडवतो, म्हणून सकाळी आजूबाजूला काळी धूळ दिसते. पावसाने आठवडाभर ताण दिला तरी पोटात साठवलेल्या पाण्यावर तो हे काम चालू ठेवतो. आपल्या कोरड्या जंगलात हा गुण फार मोलाचा आहे.

चौथ्यासाठी जमिनीचा फोटो लागेल.

रानबीज | ४ ऑगस्ट, सकाळी ११.३०

कवकमित्र, एक दुरुस्ती सुचवते. कॉन्सेंट्रिका हे नाव जुन्या याद्यांत भारतातल्या सगळ्याच डाल्डिनियाला सरसकट लावलेलं दिसतं. नंतरच्या अभ्यासात ती जात प्रामुख्याने युरोपातली ठरली आणि उष्ण प्रदेशात सर्रास आढळणारी डाल्डिनिया एशोल्झाय वेगळी निघाली. फरक सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंवर कळतो, फोटोवर नाही. मी इथे नुसतं डाल्डिनिया लिहीन.

कवकमित्र | ४ ऑगस्ट, दुपारी २.१०

बरोबर आहे. सवयीने लिहून गेलो. ताई, वहीत नुसतं डाल्डिनिया लिहा. फ्युलिगोच्या मागेही 'बहुधा' ठेवा, कारण तिच्यासारख्या दिसणाऱ्या आणखी आहेत.

गॅनोडर्माचंही असंच झालंय. जगभरच्या चकचकीत लाल गॅनोडर्माला कित्येक वर्षं एकच 'ल्युसिडम' नाव देत होते. २०१२ साली बुरश्यांच्या डीएनएतला आयटीएस नावाचा तुकडा ओळखपट्टी म्हणून मान्य झाला, तुलना सोपी झाली आणि त्या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. जगात आजवर नाव दिलेल्या बुरश्या साधारण दीड लाख आहेत आणि असाव्यात असा अंदाज २२ ते ३८ लाखांचा. तेव्हा वंशापर्यंत पोचून थांबणं हे अपुरं काम नाही.

झाडीपट्टी | ५ ऑगस्ट, रात्री ९.२५

माझं माहेर साकोलीकडचं. काळी बोटं पाहून लहानपण आठवलं. आषाढ-श्रावणात आजी आम्हा पोरांना घेऊन सात्या आणायला जायची. सात्या म्हणजे वारुळाच्या जागी येणारी पांढरी छत्री, जमिनीत लांबच लांब शेपूट असलेली. आजी शेपूट उपटू द्यायची नाही. जमिनीलगत मोडून घ्यायची आणि भोक मातीने बुजवायची. म्हणायची, खालचं घर मोडलं तं पुढल्या साली येनार नाही. रानातून आल्यावर सात्या निवडून, धुऊन, तिखटमिठाचा रस्सा. ती चव मी शब्दांत सांगू शकत नाही.

पण काही जुन्या, पडक्या वारुळांवर सात्या यायच्या नाहीत, अशा काळ्या काड्या यायच्या. आजी त्या वारुळाकडे पुन्हा बघायची नाही. पाऊलवाट ताई, तिथे जवळ वारूळ आहे का?

कवकमित्र | ५ ऑगस्ट, रात्री १०.४०

झाडीपट्टी ताई, तुमच्या आजीला जे ठाऊक होतं ते ऐकून मला फार आनंद झाला. सात्या म्हणजे टर्मिटोमायसिस. वाळवी वारुळाच्या पोटात चघळलेल्या लाकडाचे, पाल्याचे स्पंजासारखे गड्डे करते आणि त्यांवर ही बुरशी पिकवते. ते तिचं शेत. लांब शेपूट त्या गड्ड्यापर्यंत गेलेलं असतं. वाळवी नांदती असते तोवर ती शेतात दुसरं तण उगवू देत नाही. वसाहत मेली, वारूळ ओस पडलं की त्याच गड्ड्यांत दबा धरून असलेली झायलेरिया नावाची दुसरी बुरशी वाढते आणि तिच्या काळ्या काड्या जमिनीतून वर येतात. काळ्या काड्या म्हणजे घर रिकामं झाल्याची खूण. आजी तिथे वेळ घालवायची नाही, ते अगदी योग्य होतं.

झायलेरियाच्या बाकी बऱ्याच जाती मात्र सरळ लाकडावर वाढतात आणि लाकूड जमिनीत पुरलेलं असलं तर बोटं मातीतूनच आल्यासारखी दिसतात. वरून दोन्ही सारख्याच. खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही आणि गोरेवाड्यात उकरणं योग्य नाही. वनक्षेत्रातून काही उचलायचं, खणायचं तर वनविभागाची परवानगी हवी. पेंचसारख्या राष्ट्रीय उद्यानात तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पडलेलं लाकूडसुद्धा हलवता येत नाही, आणि ते बरंच आहे. ते पडलेलं लाकूडच या सगळ्यांचं घर आहे.

सोसायटीकर | ६ ऑगस्ट, सकाळी ८.१५

जरा वेगळा प्रश्न. आमच्या आवारातल्या जुन्या गुलमोहराच्या बुंध्याशी, जमिनीलगत मोठी तपकिरी चकती आली आहे, कडा पांढरी. झाड हिरवंगार आहे. खाली मुलं खेळतात. काळजीचं कारण आहे का?

कवकमित्र | ६ ऑगस्ट, दुपारी १२.०५

हो, आहे. आजूबाजूच्या पानांवर कोको पावडरीसारखी धूळ दिसते का बघा. दिसली तर बहुतेक गॅनोडर्मा, आणि इथे ती जिवंत झाडाच्या मुळांत, बुंध्यात शिरलेली असते. चकती काढून टाकल्याने काही होत नाही, बुरशी आत असते. पालवी हिरवी असणं हा भरवसा नाही, कारण पाणी वर नेणारा थर शाबूत असतो आणि झाडाला उभं धरणारं लाकूड गेलेलं असतं. वादळात अशीच झाडं बुंध्यातून मोडतात. महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा आणि तोवर मुलांना तिथे खेळू देऊ नका. आजच.

पाऊलवाट | १० ऑगस्ट, रात्री ८.५०

चौथ्या फोटोचं थोडं पुढे सरकलंय. काल मामांकडे कळमेश्वरला गेलो होतो. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर त्यांचा एक जुना आंबा होता, चार-पाच वर्षांपूर्वी कापला. मुलाने मामांना फोटो दाखवला तर मामा म्हणाले, अशी बोटं आपल्या धुऱ्यावर दर पावसाळ्यात असतात! जाऊन बघतो तर खरंच, आंब्याच्या ठुंठाभोवती सात-आठ होती.

मामांच्या परवानगीने खुरप्याने हळूहळू माती बाजूला केली. काळी माती, ओली, खुरप्याला चिकटत होती. चार बोटं खोल गेल्यावर काड्यांची बुडं एकत्र आलेली दिसली आणि त्याखाली आंब्याचं मनगटाएवढं मूळ. साल बोटाने सोलली गेली. आतलं लाकूड पांढरं, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं, आणि त्यावर बारीक काळ्या रेघा. कोणीतरी बोरूने नकाशा काढावा तशा वळणावळणाच्या. मामा, मुलगा आणि मी तिघंही वाकून बघत राहिलो. वाळवी नाही, गड्डा नाही, निव्वळ लाकूड.

एक बोट ब्लेडने उभं कापलं. बाहेर नखाच्या जाडीइतकंही नसलेलं काळं कवच, आत खोबऱ्यासारखं पांढरंशुभ्र. कवचाच्या अगदी लगत आतून काळ्या टिपक्यांची रांग, खसखशीच्या दाण्यांसारखी. दुसरं, टोकाला पांढुरकं असलेलं कोवळं बोट कापलं तर त्यात टिपके नव्हते, फक्त बाहेर पांढरी पूड होती. उकरलेली माती परत लोटून दिली.

कवकमित्र | १० ऑगस्ट, रात्री ९.३५

ताई, याहून चांगलं कोणी केलं नसतं. कळमेश्वरची बोटं म्हणजे लाकडावरची झायलेरिया, तिच्या पॉलिमॉर्फा नावाच्या जातीच्या गटातली. ते टिपके म्हणजे बीजाणूंच्या कुप्या. कोवळेपणी बोटावर पांढरी पूड असते, तो बीजाणूंचा पहिला हंगाम. पिकल्यावर बोट काळं होतं आणि कुप्या भरतात. म्हणजे दोन वेगळ्या जाती नव्हेत, एकाच बोटाची दोन वयं तुम्ही कापलीत. लाकडातल्या काळ्या रेघा म्हणजे बुरशीने आखलेली हद्द. शेजारी दुसरी बुरशी वाढत असली की मधे अशी काळी भिंत उभी राहते.

नमुना जपायचा असेल तर सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये सडतो. पाकिटावर तारीख, गाव, झाडाचं नाव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथले नमुनेही अशा नोंदींवरच उभे आहेत, नोंद नसेल तर वाळलेल्या बोटाला काही किंमत नाही.

आरामशीन | ११ ऑगस्ट, सकाळी ७.२०

त्या काळ्या रेघा आम्ही डाग समजून फळी बाजूला टाकायचो. गिऱ्हाईक नको म्हणायचं. एकदा एक कारागीर आला आणि अशाच फळ्या निवडून घेऊन गेला, वाडगे कातायला. पॉलिश केलेला वाडगा त्याने नंतर आणून दाखवला होता. डोळे फिरत नव्हते त्यावरून.

पाऊलवाट | १७ ऑगस्ट, दुपारी १.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाने वही केली आहे. ऐनाच्या खोडाच्या पानावर लिहिलंय: १. पिक्नोपोरस सॅन्ग्विनिअस. २. बहुधा फ्युलिगो, बुरशी नाही. ३. डाल्डिनिया. ४. झायलेरिया, जमिनीखाली काय आहे ते पाहिलेलं नाही. कळमेश्वरच्या बोटांना वेगळं पान दिलंय आणि तिथे झाडाच्या जागी आंबा लिहिलाय. मामांकडून आणलेल्या आंब्याच्या सरपणावर छोटे पांढरे, लोकरीसारखे पंखे होते, वाळून आत वळलेले. ते वाटीतल्या पाण्यात टाकले तर थोड्या वेळात उलगडले आणि खालच्या पात्या मधोमध उभ्या चिरलेल्या दिसल्या. रानबीज ताईंनी खासगी निरोपात नाव सांगितलं, शायझोफायलम कम्यून. ते तिसऱ्या पानावर.

आज परत ऐनापाशी गेलो होतो. आठवडाभर झड होती. फ्युलिगोची खपली धुऊन गेली आहे, पिक्नोपोरसच्या नव्या चकत्या आल्यात. आणि खोडाच्या पोटाला, जमिनीकडच्या अंगाला, तपकिरी, मऊ, कानाच्या पाळीसारखं काहीतरी लोंबतंय, उजेडात धरलं तर आरपार दिसतं. पाचवा फोटो जोडते आहे. वरून, बाजूने, आणि आरसा लावून खालूनही काढलाय. सालीचाही वेगळा काढलाय.